पोरगी दूर दिली हाये

मी लग्न होऊन बोडीटोल्यात आले तेव्हा तिथे जेमतेम वीस घरं होती. सिहोऱ्याहून दोन-अडीच कोस आत, नाल्यापलीकडे. चहूकडे धानाच्या बांध्या, मध्ये एक बोडी, म्हणजे छोटा तलाव, आणि त्याच्या मातीच्या पाळीखाली आमची वस्ती. नांगराचे बैल बऱ्याच जणांकडे होते, पण माणसं बसवून नेता येईल अशी बांबूच्या ताटव्याची खासर, म्हणजे बैलगाडी, एकाच दारात उभी असायची, तुलारामकाकाजींच्या.

त्यांचं घर आणि आमचं घर लागूनच, मध्ये नुसता काट्यांचा कूड. काकाजी उंच, किडकिडीत, थोडे वाकलेले. बोलणं कमी. रुखमाकाकू त्यांच्या उलट, ठेंगणी, फटकळ, हसली की अंगणभर ऐकू येणारी. दोन पोरं लहानपणीच गेलेली, एकच पोरगी जगली होती. कौशल्या. मी आले तेव्हा सात वर्षांची होती. कुडाच्या फटीतून मला नवी नवरी म्हणून बघत बसायची आणि मी पाहिलं की पळायची.

काकाजी सिहोऱ्याच्या बाजाराला जात तेव्हा जाताना खासरीत धान असायचं आणि येताना माणसं. वाटेत कोणी म्हातारी डोक्यावर गाठोडं घेऊन चाललेली दिसली की बैल आपोआप थांबायचे, इतकी त्यांना सवय झालेली. कोणाची, कुठली, हे काकाजी विचारत नसत. काकू विचारायची, "कोन होती ती म्हातारी?" काकाजी म्हणायचे, "कोन जाने. आंबागडाकडची होती वाटते." काकू कपाळावर हात मारायची. पण पुढच्या बाजाराला खासरीत बसायला वाकळ तीच अंथरून द्यायची. पावसाळ्यात नाल्याला पाणी चढलं की काकाजी काठावर जाऊन उभे राहायचे, पलीकडून येणाऱ्यांना हात द्यायला. कोणाचं वासरू चिखलात फसलं, कोणाच्या सुनेला माहेराहून आणायचं आहे, कोणाचा म्हातारा चालू शकत नाही, सगळं त्यांच्याच दारात यायचं. त्याचं कोणाला फार कौतुकही नव्हतं. बोडीचं पाणी घ्यावं तसं टोला त्यांना गृहीत धरून चालला होता.

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. रोवण्याचे, म्हणजे धानाच्या लावणीचे दिवस होते. सकाळी मी अंगण सारवत होते, तेवढ्यात एक तरुण माणूस चिखलातून धावत आला. गुडघ्यापर्यंत माखलेला, छाती धपापत होती. पलीकडच्या गावात रोवण्यासाठी बालाघाटकडचे मजूर आले होते, त्यांतला तो. त्याचं नाव ईश्वर, हे आम्हाला नंतर कळलं.

"मामा, माही घरवाली अडली हाये. रात्रभर झाली. दाई म्हनते, आता तिच्या हातचं नाही. खासर पाहिजे, मामा."

काकाजी बैल शेतात न्यायला निघालेच होते. ते वळले आणि खासरीला जू लावायला लागले.

काकू दारात आली. "अजी, पोरगी पहाटपासून दोनदा ओकली. आज नका जाऊ."

काकाजी आत गेले. मी कुडापाशी उभी होते, मला दिसत होतं. कौशल्या खाटेवर कुशीवर झोपली होती. त्यांनी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि बाहेर आले.

"आंग तं थंड हाये. झोपली हाये ती. सिहोऱ्याच्या दवाखान्यात सोडून देतो अन् दुपारच्या जेवनाले येतो. ती बाई मरून जाईल वो."

काकूनं आतून वाकळ आणून खासरीत टाकली.

पण सिहोऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टर नव्हता. नर्सनं बाईला पाहिलं आणि म्हणाली, पोट चिरावं लागेल, तुमसरला न्या. पावसामुळे त्या दिवशी बस आली नव्हती. काकाजींनी बैल तुमसरच्या रस्त्याला लावले.

इकडे टोल्यात कौशल्याला जुलाब लागले. आधी आम्ही बायकांनी जे माहीत होतं ते केलं. साखरमिठाचं पाणी दिलं, ते पोटात टिकेना. दुपारी तिचे डोळे आत गेले, आवाज घोगरा झाला. काकू दर थोड्या वेळानं पाळीवर जाऊन वाटेकडे पाहून यायची. शेवटी तीच म्हणाली, "खाट उचला." माझा नवरा नत्थू आणि तिघं जण पोरीची खाट खांद्यावर घेऊन निघाले. काकू मागून पाण्याचा लोटा घेऊन चालली. मीही गेले. बांध्यांच्या अरुंद धुऱ्यावरून चार माणसांनी खाट न्यायची म्हणजे पाऊल टाकायला जागा नाही, त्यात वरून पाऊस. नाल्याला कमरेएवढं पाणी होतं. त्यांनी खाट डोक्यावर घेऊन नाला ओलांडला. पलीकडे चढावर खाट खाली ठेवली, तेव्हा काकूनं पोरीच्या तोंडाला लोटा लावला. पाणी गालावरून खाली गेलं.

तिथूनच आम्ही परत फिरलो.

सकाळपर्यंत काकाजींची वाट पाहिली. मग मोठ्या माणसांनी सांगितलं की आता ठेवता येत नाही, आणि तिला बोडीपलीकडच्या मोहाच्या झाडाखाली मूठमाती दिली.

काकाजी आले ते दुपारी. वाटेत कोणी भेटलं नव्हतं. खासर पाळीवरून उतरत होती तेव्हाच ते उभे राहिले. त्यांना इतक्या मोठ्यानं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"पोरगी झाली वो! पोट चिरलं, पन दोघीबी वाचल्या!"

अंगणात माणसं बसली होती. काकाजींचा आवाज तिथेच थांबला. काकू उंबऱ्यात बसली होती. तिनं वर पाहिलं आणि म्हणाली, "आपली गेली."

बैल जुंपलेलेच राहिले. ते सोडायला नत्थू गेला.

खासर असती तर पोरगी वाचली असती का? टोल्यात सगळ्यांनी हे आपापल्या मनात विचारलं. काही म्हणायचे, सकाळीच नेली असती तर सलाईन लागलं असतं. काही म्हणायचे, दवाखान्यात डॉक्टर तरी कुठे होता. त्यांच्यासमोर कोणी बोललं नाही. काकूनंही नवऱ्याला एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटायचं. ती त्यांना जेवायला वाढायची, अंघोळीचं पाणी काढून द्यायची आणि कामापुरतं बोलायची. तिचं हसणं गेलं. आमच्या कुडापलीकडे संध्याकाळी नुसता भांड्यांचा आवाज यायचा.

काकाजींनी खासरीचा ताटवा काढून टाकला. त्यानंतर त्या खासरीतून शेणखत गेलं, धानाचे भारे आले, माणूस बसला नाही. सुरुवातीला एक-दोघं विचारायला आले. काकाजी मान खाली घालून उभे राहिले आणि ते लोक तसेच परत गेले. मग कोणी आलं नाही. एकदा भर उन्हात मी सिहोऱ्याहून पायी येत होते, कडेवर लेकरू. मागून काकाजींची खासर आली. बैल माझ्याजवळ थांबले. काकाजींनी तुतारीच्या टोकदार काठीनं त्यांना टोचलं आणि खासर पुढे निघून गेली. मला राग आला नाही. त्यांची पाठ पाहून मी वाटेतच थोडा वेळ उभी राहिले.

अशी सहा वर्षं गेली.

ऐंशी सालच्या कापणीत, एका दुपारी, मी काकूच्या ओट्यावर तिच्यासोबत पोपटीच्या शेंगा सोलत बसले होते. एक बाई सहा वर्षांच्या पोरीचा हात धरून अंगणात आली. पातळ जुनं, पण स्वच्छ. डोक्यावरचं गाठोडं उतरवून तिनं विचारलं, "खासरवाल्या मामाचं घर हेच ना?"

"कोन पाहिजे तुमाले?" काकूनं विचारलं.

त्या बाईनं काकूच्या पायांवर डोकं ठेवलं. काकू मागे सरकली.

"मामी, मी आनंदाबाई. तुमी मले वळखत नाही. रोवन्यात मी अडली होती, तवा मामानं मले तुमसरले नेलं. डॉक्टर म्हने, घंटाभर उशीर झाला असता तं दोघीबी गेल्या असत्या. तिकडूनच घरी गेलो आमी, मग इकडं येनं झालंच नाही. औंदा कापनीले आलो तं म्हटलं, पहिले मामीच्या पाया पडीन." तिनं पोरीला पुढे ढकललं. "पाया पड वो. यायच्यामुळं तू हायेस."

पोरगी वाकली. तिचं नाव गोदावरी होतं. काकूचा हात तिच्या डोक्यापर्यंत गेला आणि वरच राहिला.  मला वाटलं, आता काकू ओरडेल, नाहीतर रडेल, नाहीतर उठून आत जाईल. तसं केलं असतं तर कोणी तिला काही म्हटलं नसतं.

काकूनं हात पोरीच्या डोक्यावर टेकवला. "बसा," ती म्हणाली. "भुकेजल्या असान."

तिनं दोघींना जेवायला वाढलं. भात, लाखोळीची डाळ, पोपटीची भाजी. पोरगी लाजत खात होती. काकू तिच्यासमोर बसून भात कालवून देत होती. आनंदाबाई बोलत होती, तिचं गाव, तिचा नवरा, दोन एकर कोरडवाहू. बोलता बोलता तिनं विचारलं, "तुमाले लेकरं किती, मामी?"

मी काकूकडे पाहिलं नाही. पाहवलं नाही.

"एक पोरगी," काकू म्हणाली.

"कुठं हाये? दिसत नाही."

"लग्न झालं तिचं. दूर दिली हाये."

"गंज दूर? लय लांब?"

"हो. गंज दूर."

काकाजी शेतावरून आले होते आणि दाराबाहेर उभे होते, हे आम्हाला तेव्हा कळलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आनंदाबाई उठून त्यांच्या पाया पडली, रडली, पोरीला दाखवलं. काकाजी त्या पोरीकडे पाहत राहिले. 

काकू त्यांना म्हणाली, "ऊन गंज हाये. लेकरू पायी कसं जाईल? खासर जुंपा जी."

काकाजींनी बैल आणले. काकूनं वाकळ अंथरली. दोघींना घेऊन खासर पाळीवर चढली आणि पलीकडे उतरली, तेव्हा काकू आत गेली. दार लावून घेतलं. मी बाहेर बसून राहिले. आतून आवाज आला नाही. संध्याकाळी ती घरोघर गेली आणि प्रत्येक उंबऱ्यावर उभी राहून एकच सांगितलं, "त्या बाईले कोनी काही सांगू नका. तिचा काही कसूर नाही." टोल्यात भांडणं पुष्कळ व्हायची, एकमेकांची उणीदुणी निघायची, पण हा शब्द सगळ्यांनी पाळला.

दुसऱ्या आठवड्यात खासरीवर ताटवा चढला. पुन्हा म्हाताऱ्या बसू लागल्या, आजारी बसू लागले. मात्र आता एक नवीन रीत झाली. खासर बाहेर काढण्याआधी काकाजी प्रत्येक घरापुढे थांबून विचारायचे, "घरी कोनी बिमार तं नाही?" सगळीकडून "नाही" आलं की मगच बैल हलायचे. घाई असलेला माणूस चुळबुळ करायचा. काकाजी कोणासाठीही ही रीत मोडत नसत.

आनंदाबाई मग दर कापणीला यायला लागली. येताना कधी मोहफुलं, कधी कोदोचे तांदूळ आणि दरवर्षी एक चोळीचा खण, "ताईसाठी." काकू तो घ्यायची. टोल्यातली कोणी पोरगी सासरी निघाली की तो तिच्या ओटीत जायचा. आनंदाबाई विचारायची, "ताई आली होती का वो दिवाळीले?" काकू सांगायची, "आली होती. चार दिवस राहिली." पुढच्या वर्षी सांगितलं, ताईला मुलगा झाला. त्याच्या पुढच्या वर्षी तो चालायला लागला. मी ऐकत असायचे. सुरुवातीला माझ्या अंगावर काटा यायचा. मग माझ्या लक्षात आलं की हे सांगताना काकूचा आवाज वेगळा होतो, जुन्यासारखा. वर्षातून एकदा, कापणीच्या दिवसांत, कौशल्या संसार करायची. आनंदाबाई गेली की काकू पुन्हा गप्प व्हायची.

शहाऐंशीच्या माघात काकाजी गेले. थंडी वाजते म्हणून झोपले आणि उठले नाहीत. तेरवीला ज्यांना त्यांनी कधी ना कधी खासरीत बसवलं होतं, असे किती तरी अनोळखी लोक आले. कोणी कुठून आला होता, टोल्यातल्या कोणालाच सांगता येत नव्हतं. आनंदाबाईला निरोप कोणी दिला, ठाऊक नाही, पण तीही आली. बायकांमध्ये बसली आणि इकडेतिकडे पाहू लागली.

"ताई दिसत नाही," ती म्हणाली. "बाप गेला तरी येऊ दिलं नाही का सासरच्यायनं?"

तिच्या शेजारी मालनबाई बसली होती, काकाजींची चुलतबहीण, आसगावची. तिला आमच्या टोल्याचा शब्द माहीत नव्हता. ती म्हणाली, "कोनती ताई वो? एकच तं पोरगी होती. रोवन्याच्या दिवसात गेली. तुलाराम कोन्या बाईले घेऊन तुमसरले गेला अन् इकडं पोरीले न्यायले खासर नव्हती."

मी उठेपर्यंत बोलून झालं होतं.

आनंदाबाई उठली आणि पाळीकडे चालत गेली. तिथून तिच्या रडण्याचा आवाज घरात ऐकू आला. काकू आतल्या खोलीत होती. ती बाहेर आली, आमच्या सगळ्यांकडे पाहिलं. "कोनं सांगतलं हिले?" नवरा गेला तेव्हाही मी तिचा तसा चेहरा पाहिला नव्हता. मालनबाई खाली पाहत राहिली. काकू पाळीवर गेली तोवर आनंदाबाई निघून गेली होती.

त्या वर्षी कापणीला ती आली नाही. काकूनं भारे बांधले, चुरणं, म्हणजे मळणी झाली, पेंढ्यांचे ढीग लागले. रोज दुपारी ती ओट्यावर वाटेकडे तोंड करून बसायची. पुढच्या वर्षीही तेच. खासर तोवर विकली होती, बैलही. सिहोऱ्यापर्यंत मुरूम टाकलेला रस्ता झाला होता.

दुसरी कापणी संपली तेव्हा काकू मला म्हणाली, "माझ्यासंग चालते का? मी तुमसरच्या पुढं कधी गेली नाही."

सिहोऱ्याहून बसनं, मग नदी ओलांडून, मग विचारत विचारत पायी. आनंदाबाईचं घर गावाच्या टोकाला होतं. गोदावरी अंगणात धान पाखडत होती. तेरा वर्षांची, उंच झालेली. आम्हाला पाहून ती आत धावली. आनंदाबाई दारात आली, काकूला पाहिलं आणि तिथेच भिंतीला धरून खाली बसली.

"मामी, कोन्या तोंडानं येऊ मी? माझ्यापायी तुमची..."

"तुझ्यापायी नाही," काकू म्हणाली. ती तिच्यासमोर जमिनीवर बसली. "कायच्यापायी, ते मले मालूम नाही. खोटं कायले बोलू, तू कोन ते मालूम नव्हतं तवा मीनं तुले गंज शिव्या देल्या. मनातल्या मनात. पन तू आली, तुझी पोरगी जेवली माझ्या हातचं. मग शिव्या निघाल्या नाही."

आनंदाबाई पदरात तोंड घालून रडत होती.

"तू काहून आली नाही?" काकूनं विचारलं. "टोल्यात मले कोनी पोरीबद्दल पुसत नाही वो. सारे जपतात. तू पुसत होती. आता तू नाही आली तं मी कोनाले सांगू?"

 गोदावरीनं पाणी आणून ठेवलं. मग आनंदाबाईनं डोळे पुसले आणि हळूच विचारलं, "कशी होती ताई?"

काकू सांगायला लागली. कौशल्याला कारलं आवडायचं नाही, ताटाखाली लपवायची. बेडकाला भ्यायची आणि सापाला नाही. शाळेत दोन वर्षं गेली, पण बेचा पाढा आठच्या पुढे कधी गेला नाही. बापाच्या खासरीत पाठीमागं बसून पाय हलवायची, म्हणून एक चप्पल नाल्यात गेली. शेजारच्या नव्या नवरीला कुडातून चोरून पाहायची आणि रात्री बापाला तिची नक्कल करून दाखवायची. हे मलाही माहीत नव्हतं. मी रडत होते आणि हसतही होते. काकू सांगत राहिली. लग्न, सासर, नातू, यातलं काही त्यात नव्हतं. फक्त दहा वर्षांची पोरगी होती.

अंगणात ऊन उतरलं. बोलता बोलता काकू मध्येच थांबली. पुढे काहीतरी सांगायचं होतं, ते तिला सापडत नव्हतं.

"चेहरा आता नीट आठवत नाही वो," ती म्हणाली. "इतकी सांगून राहिली, पन चेहराच नाही आठवत."

आनंदाबाई जवळ सरकली आणि तिनं काकूचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. गोदावरी आत चूल पेटवायला गेली.